चौदा वर्षांखालच्या मुलांचा हंगाम एका सामन्यात संपवू नका

सातारा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक, पंच आणि पालक यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे शालेय स्पर्धांची घाई लागते. तालुक्याच्या सहविचार सभा होतात, प्रवेशिका भरल्या जातात, ओळखपत्रांवर सह्या-शिक्के पडतात, कोणता खेळ कोणत्या शाळेच्या मैदानावर घ्यायचा ते ठरतं. यंदाच्या सभेत एक विषय घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मी पाटण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत खेळ शिकवते. कबड्डी खेळत मोठी झाले आणि आता मुलींना तीच शिकवते.

मागणी अशी आहे. चौदा वर्षांखालच्या गटाच्या तालुका पातळीवरच्या सांघिक स्पर्धा बाद पद्धतीने, म्हणजे हरला तो बाहेर अशा, घेऊ नयेत; गटसाखळीने, म्हणजे छोट्या गटात प्रत्येक संघ बाकी सगळ्यांशी खेळेल अशा, घ्याव्यात. आणि वयाचे कागद सामन्याच्या दिवशी मैदानावर न तपासता आठवडाभर आधी सर्व शाळांसमोर तपासावेत. सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट आज आहेत तसेच राहू द्यावेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

बाद पद्धतीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, तरी एकदा हिशेब मांडू. एका तालुक्यात कबड्डीचे ३२ संघ आले असं धरा. पहिल्या फेरीतच १६ संघ घरी जातात. प्रत्येक संघात १२ मुलं, म्हणजे १९२ मुलांचा त्या वर्षाचा शालेय हंगाम एका सामन्यात संपतो. सात खेळतात, पाच राखीव बसतात. सामना चुरशीचा झाला तर राखीवला आत घ्यायचं धाडस कुणी करत नाही. त्या १६ संघांतली ८० मुलं अंगात शाळेचा टी-शर्ट घालून आलेली असतात आणि एकही चढाई न करता परत जातात. यातली काही मुलं ढेबेवाडीच्या वरच्या वाड्यांतून पहाटे चालत निघून पहिली एसटी धरतात. जावळी-महाबळेश्वरकडे शिवसागर या कोयना धरणाच्या जलाशयापलीकडच्या गावांतली मुलं आधी लाँचने पाणी ओलांडतात आणि मग गाडीत बसतात. दुसरीकडे कुणाला ड्रॉमध्ये पुढे चाल मिळते, समोरचा संघ येत नाही म्हणून पुन्हा पुढे चाल मिळते, आणि घाम न गाळता तो संघ उपांत्य फेरीत पोचतो. नियमाप्रमाणे सगळं बरोबर असतं. पण तेरा वर्षांच्या मुलीला याला न्याय का म्हणायचं, हे मला सांगता येत नाही.

याहून मोठं नुकसान स्पर्धेच्या आधी, संघ निवडतानाच होतं. एकच सामना मिळणार आणि तो हरला की वर्ष संपणार, हे माहीत असलेला शिक्षक संघात कुणाला घेतो? अंगाने मोठी असतील त्यांना. मी कुणाला दोष देत नाही. मुख्याध्यापक विचारतात, पालक विचारतात, शाळेच्या फलकावर नाव लागायचं असतं. मग ज्या मुलीचे पाय चपळ आहेत, जिला चढाईत बोनस गुण कधी घ्यायचा ते उपजत कळतं, पण जी अजून वाढीला लागलेली नाही, ती राखीव राहते. दोन वर्षं राखीव बसली की नववीत ती सरावाला येत नाही. आपण म्हणतो, तिला आवड नव्हती.

चौदा वर्षांखालच्या गटात शरीरांत किती फरक असतो याचा विचार आपण कमी करतो. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास. पण ही सरासरी झाली. तेरा वर्षांच्या एका मुलाची हाडं अकरा वर्षांच्या मुलाइतकी असू शकतात, तर त्याच्याच बाकावर बसणाऱ्याची पंधराच्या मुलाइतकी. दोघांच्या जन्मतारखा खऱ्या, दोघांचे कागद चोख, आणि मैदानावर एक दुसऱ्याला उचलून रेषेबाहेर ठेवतो. त्यात वयाची मोजणी १ जानेवारीपासून. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात आणि दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये कॅनडातल्या आइस हॉकीत हे दाखवून दिलं. वरच्या पातळीवर पोचलेल्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले फार जास्त आणि शेवटच्या महिन्यांत जन्मलेले फार कमी होते. त्यानंतर फुटबॉलसह कितीतरी खेळांत हेच आढळलं. जानेवारीतल्या मुलात गुण जास्त असतात असं थोडंच आहे? लहानपणी तो मोठा दिसतो, निवडला जातो, त्याला जास्त सामने आणि जास्त शिकवणी मिळते, आणि काही वर्षांनी तो खरोखरच पुढे गेलेला असतो. सभेला येण्याआधी आपापल्या शाळेच्या चौदा वर्षांखालच्या संघाची यादी घेऊन जन्माचे महिने तपासून बघा, एवढी विनंती.

आपल्याच जिल्ह्यात याची उत्तरं आहेत. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे शासनाच्या निवासी क्रीडाशाळेत, गेला तेव्हा अंगाने अशक्त होता, धावण्याच्या खेळात टिकेना. तिथेच त्याला घरी पाठवलं असतं तर कुणी आश्चर्य केलं नसतं. त्याला धनुर्विद्येकडे वळवलं. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता आणि पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत धावायच्या शर्यतीकडे, वळली तेव्हा पंचविशीत होती. त्याआधी ती मॅरेथॉन धावत असे. दोन वर्षांत ती रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली होती, त्यानंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली ललिता ही पहिली भारतीय महिला. तेराव्या वर्षीच्या एका निकालावर या दोघांबद्दल काय सांगता आलं असतं?

आता वयचोरीबद्दल. हे लिहिताना मला त्रास होतो, कारण यात आपलेच लोक आहेत. एका शाळेतून नाव काढून दुसरीकडे घालताना जन्मतारीख हलते, दाखल्यावर एक असते आणि आधारवर दुसरी, आणि मोठ्या मुलाला लहान गटात उतरवलं जातं. मूल हे करत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेची प्रवेशाची नोंदवही, नसतं. हे मोठी माणसं करतात, आणि पहिल्याच सामन्यात बाहेर पडण्याची भीती हे त्याचं एक मोठं कारण आहे. दुसरं कारण पुढच्या सवलतींचं. दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण यांचं मला महत्त्व कळतं. माझ्या गावाकडच्या मुलीला त्यामुळे पोलीस भरतीत उभं राहता आलं तर मला आनंदच आहे. पण याच आरक्षणासाठी बनावट प्रमाणपत्रं वापरल्याची प्रकरणं आपल्या राज्यात उघडकीला आली. ज्या मुलाने खरोखर खेळून प्रमाणपत्र मिळवलं, त्याच्याही कागदाकडे आता संशयाने बघितलं जातं. केवढा अन्याय आहे हा.

संशयाचा फटका कुणाला बसतो ते मी एका सामन्याच्या वेळी पाहिलं. आमच्या संघात एक उंच, भरल्या अंगाची मुलगी होती. मध्यंतरात समोरच्या बाजूने आरडाओरडा सुरू झाला की ही चौदाची नाहीच, बोगस खेळाडू आहे. खेळ थांबला. टेबलावर कागद मागवले गेले. चार-पाच मोठी माणसं त्या मुलीच्या देखत तिच्या शरीराबद्दल बोलत राहिली, एकाने तर तिला सगळ्यांसमोर पुढे बोलावून नीट उभं राहायला सांगितलं. ती तेरा वर्षांची होती. तिचा दाखला ग्रामपंचायतीचा होता आणि जन्मानंतर लगेच नोंदवलेला. तपासून झाल्यावर सामना पुन्हा सुरू झाला, आम्ही जिंकलोही. ती मात्र त्या दिवसानंतर मैदानावर आली की ओढणी घेऊन बसायची. पुढच्या वर्षी तिने नाव दिलं नाही. हरकत घेणाऱ्या शिक्षकांना मी वाईट माणूस समजत नाही. त्यांच्या मुलींवर मागच्या वर्षी खरंच मोठ्या मुली घातल्या गेल्या होत्या. पण कागद तपासायला तीच वेळ आणि तीच जागा असेल, तर दर वर्षी कुठल्या ना कुठल्या लेकराची अशी विटंबना होणार.

म्हणून कागद आधी तपासावेत. स्पर्धेच्या आठवडाभर आधी सर्व शाळांनी खेळाडूंचे जन्मदाखले आणि जनरल रजिस्टरच्या नोंदीची प्रत एका ठिकाणी आणावी. दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांना ती पाहता यावी. जन्मानंतर वर्षभरात नोंदवलेला दाखला असेल तर प्रश्न मिटला. उशिराची नोंद असेल तर शाळेतल्या पहिल्या प्रवेशाची तारीख आणि इयत्ता ताडून बघावी. आपल्या आई-वडिलांच्या पिढीत निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून असायची, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच लिहिली. आजची मुलं बहुतेक दवाखान्यात जन्मलेली आहेत, त्यांचे दाखले मिळतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा, असा कायदा झाला आहे. ती मुलं या गटात यायला अजून बरीच वर्षं आहेत, तोवर हे काम आपल्यालाच करायचं आहे. हरकत त्या दिवशीच घ्यायची, लेखी, विनाशुल्क. त्यानंतर मैदानावर वयाबद्दल कुणीही शब्द काढायचा नाही.

काही जण म्हणतात, क्रिकेटमध्ये करतात तशी मनगटाची एक्स-रे तपासणी करा. तालुका पातळीवर ती परवडणार नाही हा एक भाग झाला. दुसरं असं की ती तपासणी हाडांची वाढ सांगते आणि त्यात थोडा इकडचा-तिकडचा फरक धरावाच लागतो. लवकर वाढीला लागलेल्या खऱ्या तेरा वर्षांच्या मुलीला ती उगाच अडचणीत आणू शकते. वरच्या पातळीवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिचा उपयोग जरूर व्हावा.

वजनाबद्दलही बोलते, कारण कबड्डी आणि कुस्ती दोन्हीकडे तो प्रश्न आहे. मुलं वजनाच्या मर्यादेत बसावीत म्हणून वजन करायच्या आदल्या दिवशी त्यांना उपाशी ठेवणं, पाणी न देणं, रेनकोट घालून पळवणं हे प्रकार आपल्याकडे चालतात. १९९७ मध्ये अमेरिकेत महिनाभराच्या अंतराने तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर अशा रीतीने वजन उतरवताना दगावले, तेव्हा तिथले नियम बदलले. ती वाढ पूर्ण झालेली तरुण मुलं होती. आपण वाढीच्या वयातल्या मुलांचं पाणी तोडतो. हे ताबडतोब बंद व्हायला हवं, त्यासाठी कुठल्या सभेची वाट पाहायची गरज नाही.

पंचांना एक आठवण करून द्यायची आहे, आणि ती कराडजवळच्या गोळेश्वरची आहे. तिथले मल्ल खाशाबा जाधव यांना १९५२ च्या ऑलिंपिकसाठी आधी डावललं गेलं होतं. त्यांनी दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती जिंकून ते हेलसिंकीला गेले. तिथे जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ झुंज झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद ममदबेकोवसमोर उभं केलं. दोन लढतींच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची असा नियम होता. तो सांगून आपल्या मल्लासाठी वेळ मागायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती लढत हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन म्हणून आपण शाळाशाळांत साजरा करतो. त्यांच्या तसबिरीला हार घालताना त्यांच्यावर काय अन्याय झाला तेही मुलांना सांगावं. आणि तालुक्याच्या मैदानावर सकाळचा सामना संपवून दम खात बसलेल्या मुलींना पंधरा मिनिटांत पुन्हा उभं केलं जातं, तेव्हा नियमाचं पुस्तक उघडून "यांना विश्रांती द्या" म्हणणारा एक तरी मोठा माणूस तिथे असावा. ज्या शाळेचा संघ खेळतो आहे, त्या शाळेचा शिक्षक त्या सामन्याला पंच नसावा, हेही याच सभेत ठरून जाऊ दे. तो कितीही प्रामाणिक असला तरी हरलेल्या मुलांना ते पटत नाही.

गटसाखळीला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न येईल. पुन्हा ३२ संघ धरू. चार-चार संघांचे आठ गट होतात. प्रत्येक गटात सहा सामने, एकूण ४८. एकाच दिवशी एकाच मैदानावर ते होणार नाहीत, हे मान्य. पण सगळे संघ पाटणला कशाला यायला हवेत? दोन गट ढेबेवाडीला, दोन तारळ्याला, दोन कोयनानगरला आणि दोन पाटणला खेळवले, तर प्रत्येक ठिकाणी १२ सामने होतात. मध्यंतर आणि अदलाबदल धरून एका सामन्याला चाळीस मिनिटं दिली तर एका मैदानावर आठ तासांत काम उरकतं. मुलांचा प्रवास कमी होतो, पालकांना येऊन बघता येतं आणि प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. गटविजेते आठ संघ मग दुसऱ्या दिवशी पाटणला बाद पद्धतीने खेळतील, ते सात सामने. जिल्ह्याला पाठवायला एक विजेता संघ मिळतोच. एक नियम मात्र सोबत हवा. साखळीतल्या तीन सामन्यांत बाराही खेळाडूंनी प्रत्येकी किमान एक डाव खेळलाच पाहिजे. गुणलेखकाला तो तपासायला अवघड नाही. पंच कमी पडतील तिथे सतरा-एकोणीसच्या गटातल्या मुलामुलींना रेषेवर आणि गुणपत्रकावर बसवू. त्यांनाही नियम आतून कळतील.

पावसाने मैदान भिजलं तर, मुलींना कपडे बदलायला जागा नसली तर, मॅटवर खेळायला बूट नसले तर, असे प्रश्न आहेतच. ते बाद पद्धतीतही आहेत. कपडे बदलायच्या खोलीचं तर यजमान शाळेने यंदापासूनच बघावं, त्याला खर्च नाही.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा की मुलांना हरायची सवय लागलीच पाहिजे, नाहीतर ती लेचीपेची होतील. साखळीत मुलं हरत नाहीत असं कुणी सांगितलं? उलट सकाळी हरलेल्या मुलीला दुपारी पुन्हा उतरावं लागतं आणि सकाळची चूक दुरुस्त करायची संधी मिळते. एकदा हरून घरी जाण्यात ती काय शिकते? स्पर्धा मला हवीच आहे. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये सतराव्या वर्षी बर्लिनला धनुर्विद्येतली जागतिक विजेती झाली, तेव्हा आमच्या शाळेतल्या मुलींनी वर्गात टाळ्या वाजवल्या होत्या. तशी मुलगी लवकर वर येते तिला कुणी रोखायचं नाही. पण तिच्या खेळात समोरचा तिला ढकलत नाही, तिचं लक्ष्य उंची बघून जवळ-लांब होत नाही. कबड्डीत, खो-खोत, कुस्तीत शरीर शरीराला भिडतं, म्हणून तिथे लहान वयात जास्त काळजी हवी.

नॉर्वे या देशाने मुलांच्या खेळांचे नियम १९८७ मध्येच केले. मूल अकरा वर्षांचं होईपर्यंत तिथे निकालाचे तक्ते आणि क्रमवारी लावत नाहीत. सामने होतात, भरपूर होतात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या मिळून ५८ लाखांच्या घरात आहे आणि नॉर्वे त्याहून लहान आहे. त्या देशाने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं जिंकली, तोवरचा तो विक्रम होता. त्यांच्याकडे बर्फ आहे, पैसा आहे, हे मला कळतं. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की लहान वयात मुलांना बाहेर काढलं नाही म्हणून त्यांचे मोठे खेळाडू कमी झाले नाहीत.

पालकांनो, तुमच्याशी थोडंच बोलते. रेषेबाहेर उभं राहून दुसऱ्याच्या लेकराला उद्देशून "मोड तिला" असं ओरडू नका. ती तुमच्या मुलीच्याच वयाची आहे.

सर्व तालुक्यांनी आणि सर्व खेळांनी हे एकदम सुरू करावं असा आग्रह नाही. एका तालुक्यात, एका खेळात, एक वर्ष करून बघू. पाटण तालुक्यात चौदा वर्षांखालच्या मुलींच्या कबड्डीपासून सुरुवात करायची तयारी असेल तर वेळापत्रकाचा कच्चा आराखडा, गटांची विभागणी आणि कागद तपासणीचा नमुना तक्ता मी तयार ठेवला आहे. सहविचार सभेत तो सर्वांना देते. त्यात चुका काढा, बदल सुचवा. विषय मात्र सभेच्या टिपणीत नोंदवून घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका
पाटण तालुका, जि. सातारा